कुमारवयातील धर्मसंशय : स्वरूप आणि मीमांसा

१. विषयप्रवेश

बारा-तेरा ते अठरा-एकोणीस ह्या वयातील मुलामुलींनी घरच्या धर्माचाराविषयी व श्रद्धेविषयी प्रश्न विचारू लागणे ही घटना इतकी नित्याची आहे की, तिचा शास्त्रीय विचार करता येतो हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. घरी ती तक्रारीचा विषय होते, शाळेत ती शिस्तीच्या सदरात पडते, आणि व्यासपीठावरून तिचे वर्णन एक तर ‘नास्तिकतेची लाट’ म्हणून किंवा ‘विवेकाचा उदय’ म्हणून केले जाते. ह्या दोन्ही वर्णनांत निष्कर्ष आधीच ठरलेला असतो. प्रत्यक्ष प्रश्न विचारणाऱ्या मुलाच्या मनात काय चालले आहे ह्याची चौकशी मागे राहून जाते.

प्रस्तुत लेखाचा हेतू मर्यादित आहे. ह्या वयातील धर्मसंशयाचे स्वरूप काय, तो कशातून उद्भवतो आणि त्याला मिळणाऱ्या उत्तराचे त्यात स्थान काय, एवढ्याच गोष्टींचा येथे विचार करावयाचा आहे. ईश्वर आहे किंवा नाही हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न येथे जाणूनबुजून बाजूला ठेवला आहे. लेखकाचे प्रतिपादन थोडक्यात असे : कुमारवयातील संशय हा पुष्कळदा तार्किक होण्याआधी नैतिक असतो, ज्याने धर्म गांभीर्याने घेतला त्यालाच तो अधिक छळतो, आणि त्या संशयाचा शेवट आस्तिक्यात होईल की नास्तिक्यात, हे संशयाच्या अस्तित्वावरून सांगता येत नाही.

२. ‘संशय’ ह्या शब्दाचा अर्थ

व्यवहारात संशय आणि अविश्वास हे शब्द आपण जवळजवळ समानार्थी मानतो. भारतीय तर्कशास्त्राने मात्र त्यांत भेद केला आहे. न्यायदर्शनातील सोळा पदार्थांच्या यादीत प्रमाण आणि प्रमेय ह्यांच्या पाठोपाठ तिसरे स्थान संशयाला आहे. एकाच वस्तूविषयी दोन परस्परविरोधी धर्मांचे भान एकाच वेळी असणे, म्हणजे संशय. अंधारात दूरवर दिसणारी आकृती खांब आहे की माणूस, हे त्याचे परंपरागत उदाहरण. खांबाला निश्चयाने माणूस समजणे हा विपर्यय होय. विपर्ययात मन थांबलेले असते. संशयात ते हेलकावत असते आणि म्हणूनच निर्णयाकडे जाऊ पाहत असते. ज्या गोष्टीविषयी संशय नाही तेथे न्यायाची प्रवृत्तीच होत नाही, असे नैयायिक मानतात. मीमांसकांच्या अधिकरणरचनेतही विषय मांडल्यानंतर पूर्वपक्षाच्या आधी संशयाचीच पायरी येते.

गीतेने संशयात्म्याचा नाश होतो असे म्हटले आहे, ह्याची आठवण अशा वेळी वडीलधारी मंडळी करून देतात. परंतु त्याच अध्यायात, थोडे आधी, ज्ञान मिळविण्याच्या साधनांत प्रणिपात आणि सेवा ह्यांच्या जोडीला परिप्रश्नही सांगितला आहे, हे सहसा सांगितले जात नाही. संशयातच रुतून बसणे आणि संशयातून प्रश्नाकडे जाणे ह्या दोन भिन्न अवस्था आहेत.

ह्या बाबतीत कठोपनिषदाचा प्रारंभ विशेष मननीय आहे. वाजश्रवस् सर्वस्व दान करण्याचा यज्ञ करतो. पण दक्षिणा म्हणून ज्या गाई नेल्या जातात त्या दूध आटलेल्या, शेवटचे पाणी प्यालेल्या, शेवटचे गवत खाल्लेल्या अशा असतात. ते पाहून त्याच्या मुलाला, नचिकेताला, राहवत नाही. उपनिषद त्याला ‘कुमार’ म्हणते. आणि त्या क्षणी त्याच्यात श्रद्धेने प्रवेश केला असे सांगते. ज्या क्षणी मुलात श्रद्धा शिरली त्याच क्षणी तो बापाच्या धर्मकृत्याविषयी शंका घेऊ लागला, हा क्रम मोठा अर्थपूर्ण आहे. दानाचा अर्थ त्याने खरा मानला, म्हणूनच त्याला ते दान खोटे दिसले. बापाचे उत्तरही आपल्या परिचयाचे आहे : मुलाने तीनदा विचारल्यावर तो संतापतो आणि त्याला मृत्यूला देऊन टाकतो. पुढे यमाजवळ नचिकेताने मागितलेला तिसरा वरसुद्धा एका संशयाचे निराकरण हाच आहे. मेलेल्या माणसाविषयी कोणी ‘तो आहे’ म्हणतात, कोणी ‘नाही’ म्हणतात, त्यातले खरे काय, असे तो विचारतो.

३. मानसशास्त्राचे साहाय्य

ह्या वयातच असे प्रश्न का उद्भवतात ह्याचा पद्धतशीर शोध एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत सुरू झाला. एडविन स्टारबक ह्यांचा धर्माच्या मानसशास्त्रावरील ग्रंथ १८९९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्नावल्यांच्या उत्तरांवरून त्यांनी धर्मजागृती आणि धर्मसंशय ह्या दोहोंचा संबंध कुमारवयाशी जोडला. जी. स्टॅन्ली हॉल ह्यांनी १९०४ मध्ये कुमारवयावरील आपल्या द्विखंडात्मक ग्रंथात तोच धागा पुढे नेला. त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा ज्याँ पियाजे आणि बार्बेल इनहेल्डर ह्यांच्या १९५५ मधील ग्रंथाचा. त्यांच्या मते साधारणतः अकरा-बारा वर्षांपासून मुलाच्या विचारशक्तीत एक मूलभूत बदल होऊ लागतो : समोर आहे त्याच्यापलीकडे, असू शकेल त्याचा विचार त्याला करता येतो. ‘आहे’ हे ‘असू शकेल’ ह्याच्या असंख्य प्रकारांपैकी केवळ एक आहे असे दिसू लागले, की घरातील चालीरीतीही अनेक शक्यतांपैकी एक शक्यता ठरतात. शेजारच्या घरी निराळे देव आहेत हे सात वर्षांच्या मुलालाही ठाऊक असते. परंतु ‘मी त्या घरी जन्मलो असतो तर?’ हा प्रश्न त्याला सहसा पडत नाही. चौदाव्या वर्षी तो पडू शकतो.

इंग्लंडमध्ये रोनाल्ड गोल्डमन ह्यांनी सहा ते सतरा वर्षांच्या दोनशे मुलांना बायबलमधील कथा सांगून त्यांचे अर्थ विचारले आणि आपले निष्कर्ष १९६४ मध्ये प्रसिद्ध केले. लहान मुले कथेचा शब्दशः अर्थ घेतात. अमूर्त अर्थ काढण्याची कुवत तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या सुमारास येते. मधल्या काळात जर कथा केवळ शब्दशः शिकविली गेली असेल, तर कथा आणि तिचा आशय दोन्ही एकदमच टाकून दिले जाण्याचा संभव असतो. पाटी फुटली म्हणजे तिच्यावरचे अक्षरही गेले, असाच काहीसा हा प्रकार होय.

एरिक एरिक्सन ह्यांनी ह्या वयाकडे ओळख घडविण्याच्या दृष्टीने पाहिले. त्यांच्या विचाराचा आधार घेऊन जेम्स मार्शिया ह्यांनी १९६६ मध्ये महाविद्यालयीन तरुणांच्या चार अवस्था सांगितल्या. मुलाखतीतील विषय व्यवसाय, धर्म आणि राजकारण हे होते. काहींनी शोध घेऊन निश्चय केलेला असतो. काही अद्याप शोधात असतात. काहींनी शोधावाचूनच वडिलांचा निश्चय आपला मानलेला असतो. आणि काहींपाशी शोधही नसतो, निश्चयही नसतो. ह्या वर्गीकरणाचा उपयोग असा की, बाह्यतः सारख्या दिसणाऱ्या दोन मुलांतील फरक त्याने स्पष्ट होतो. आरतीला निमूटपणे उभा राहणारा मुलगा श्रद्धावान असेल, किंवा त्याला त्या विषयाशी कर्तव्यच नसेल. प्रश्न विचारणारा मुलगा निदान उदासीन नाही, एवढे खात्रीने म्हणता येते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कुमारवय म्हणजे बंडाचे वय, असे सरसकट समजणे चुकीचे ठरेल. क्रिश्चन स्मिथ आणि मेलिंडा डेन्टन ह्यांनी तेरा ते सतरा वर्षांच्या तीन हजारांहून अधिक अमेरिकन मुलामुलींची पाहणी करून २००५ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात बहुसंख्य मुले आईवडिलांच्याच धर्ममार्गाने जाताना आढळली; मात्र आपण काय मानतो हे त्यांतील पुष्कळांना शब्दांत सांगता येत नव्हते. बंडखोरीपेक्षा हे मुकेपण अधिक व्यापक होते. धर्मसंशय हा सर्व मुलांचा अनुभव नव्हे. पण ज्यांना तो येतो त्यांच्या बाबतीत तो उथळ नसतो.

४. पाच आत्मकथने

पाश्चात्त्य संशोधनाचा हा आधार बहुतांशी ख्रिस्ती समाजातील आहे. आपल्याकडील अनुभव कसा दिसतो हे पाहण्यासाठी भारतीयांच्या आत्मकथनांकडे वळणे इष्ट आहे. पुढील पाच व्यक्तींनी आपल्या कोवळ्या वयातील संशयाची हकीकत स्वतः सांगितलेली आहे.

पहिले उदाहरण स्वामी दयानंद सरस्वती (जन्म १८२४) ह्यांचे. ‘थिऑसॉफिस्ट’ मासिकात १८७९-८० मध्ये आलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी सांगितले आहे की, वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास वडिलांच्या आग्रहावरून त्यांनी शिवरात्रीचा उपवास धरला. रात्री देवळात वडिलांसह सारे भक्त झोपी गेले. हा मुलगा मात्र डोळ्यांना पाणी लावून जागा राहिला. उंदीर पिंडीवर फिरताना पाहून त्याच्या मनात आले, पुराणात ऐकला तो सर्वसमर्थ महादेव हाच काय? त्याने वडिलांना उठवून विचारले. खरा महादेव कैलासावर असतो, कलियुगात त्याचे दर्शन होत नाही, म्हणून मूर्तीत त्याचे आवाहन करून पूजा करावयाची, असे उत्तर मिळाले. मुलाचे समाधान झाले नाही. घरी जाऊन त्याने उपवास मोडला आणि वडिलांचा रोष ओढवून घेतला. व्रत पाळून जो जागा राहिला त्यालाच उंदीर दिसले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे (जन्म १८५८). अनंतशास्त्री डोंगरे ह्यांचे हे कुटुंब तीर्थाटन आणि पुराणकथन करीत दक्षिणेत हिंडत असे. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात जवळचे होते ते देवकार्यात आणि दानधर्मात संपले. अन्नावाचून आधी वडील, मग आई आणि थोरली बहीण निवर्तली. रमाबाई त्या वेळी सोळा वर्षांच्या होत्या. शास्त्रात सांगितले ते सर्व आपण यथासांग केले, तरी देव पावले नाहीत, ह्या जाणिवेने त्यांची व त्यांच्या भावाची जुन्या श्रद्धेवरील पकड सैल झाली, असे त्यांनी १९०७ मधील आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात नमूद केले आहे. पुढे कलकत्त्यास धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचताना स्त्रिया आणि शूद्र ह्यांच्या हीनत्वाविषयी त्या ग्रंथांत दिसणारे एकमत त्यांना बोचले. दुःखातून आलेल्या संशयाला येथे न्यायाच्या प्रश्नाची जोड मिळाली.

तिसरे उदाहरण महात्मा गांधींचे (जन्म १८६९). शाळेत आपल्याला धर्माखेरीज सर्व काही शिकविले गेले, असे आपल्या शालेय वर्षांविषयी ते आत्मकथेत लिहितात. वडिलांच्या संग्रहातील मनुस्मृतीचे भाषांतर त्यांच्या हाती पडले. त्यातील सृष्ट्युत्पत्तीच्या कथेने श्रद्धा वाढण्याऐवजी मन काहीसे नास्तिकतेकडे झुकले. आहाराविषयीचे अध्याय आणि घरातील रोजचा आचार ह्यांचा मेळ बसेना. ज्यांच्या बुद्धीविषयी आदर होता अशा नात्यातील एका बंधूकडे त्यांनी शंका नेल्या. मोठा झालास की तुझे तुलाच उमगेल, ह्या वयात असे प्रश्न विचारू नयेत, अशा आशयाचे उत्तर मिळाले. गांधी गप्प बसले. समाधान मात्र झाले नाही. तरीही ह्याच काळात, सर्व गोष्टींचा पाया नीती आणि नीतीचे सार सत्य, ही एक गोष्ट मनात रुजली, असे ते सांगतात.

चौथे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर (जन्म १८९१) ह्यांचे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या ग्रंथासाठी एप्रिल १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत, जी पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही, त्यांनी एक आठवण दिली आहे. वडील रामजी सकपाळ मुलांकडून महाभारत-रामायण नेमाने वाचून घेत. परीक्षेतील यशाच्या निमित्ताने झालेल्या सत्कारप्रसंगी कृष्णाजी अर्जुन केळुसकर ह्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र विद्यार्थिदशेतील भीमरावांना भेट दिले. ते वाचल्यावर त्यांनी वडिलांना विचारले, ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्र-अस्पृश्यांची अवनती वर्णिली आहे ते आम्हांला का वाचावयास लावता? वडिलांनी प्रश्न टाळला नाही. आपण अस्पृश्य, आपल्या मनात न्यूनगंड येण्याचा धोका. द्रोण, कर्ण, वाल्मीकी ह्यांच्यासारखी लहानाची मोठी झालेली माणसे पाहून तो जावा, हा आपला हेतू त्यांनी सांगितला. त्या उत्तरातील तथ्य मुलाला दिसले, तरी ते पुरेसे वाटले नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण, राम ह्यांच्या वर्तनाविषयीचे आपले आक्षेप त्याने मांडले; त्यावर वडील गप्प राहिले.

पाचवे उदाहरण भगतसिंग (जन्म १९०७) ह्यांचे. ‘मी नास्तिक का आहे’ हा निबंध त्यांनी १९३० मध्ये लाहोरच्या तुरुंगात लिहिला. आजोबा कट्टर आर्यसमाजी, लाहोरच्या डी. ए. व्ही. शाळेच्या वसतिगृहात असताना आपण सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेव्यतिरिक्त तासन्‌तास गायत्रीजप करीत असू, असे ते सांगतात. नॅशनल कॉलेजात गेल्यावर विचाराला सुरुवात झाली आणि १९२६ च्या अखेरीस, म्हणजे एकोणिसाव्या वर्षी, ईश्वराच्या अस्तित्वाची कल्पना निराधार असल्याबद्दल त्यांची खात्री झाली. त्यांच्या युक्तिवादात मध्यवर्ती प्रश्न नैतिकच आहे : सर्वशक्तिमान आणि दयाळू नियंता असेल तर जगात एवढे दुःख आणि शोषण का?

ही पाच कथने एकत्र वाचली असता तीन गोष्टी ठळक होतात. पहिली अशी की, पाचही जण धर्माच्या कडेला उभे नव्हते, मध्यभागी होते. उपवास, तीर्थयात्रा, ग्रंथवाचन, जप ह्यांतूनच प्रश्न आला. दुसरी अशी की, पाचांच्या वाटा पाच दिशांना गेल्या. दयानंदांनी १८७५ मध्ये मुंबईत आर्यसमाज स्थापून वेदांकडे परतण्याचा मार्ग धरला. रमाबाईंनी १८८३ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. गांधी आपल्या रीतीने हिंदूच राहिले. आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. भगतसिंग अखेरपर्यंत नास्तिक राहिले. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दयानंदांच्या संशयातून जो आर्यसमाज उभा राहिला, त्याच्याच परंपरेतील शाळेत भगतसिंगांचा गायत्रीजप चालला होता. एका पिढीचा संशय दुसऱ्या पिढीचा निश्चय होतो, आणि तिसऱ्या पिढीला तो वारशाने मिळाल्यामुळे पुन्हा प्रश्नास पात्र ठरतो. १९५६ मध्ये ज्यांनी स्वतः निवड करून धम्म स्वीकारला, त्यांच्या नातवंडांपुढे आज तो वारसा म्हणूनच येतो. आजोबांची निवड आपली कशी करून घ्यावयाची, हा त्यांचाही प्रश्न आहे.

अर्थात ह्या पुराव्याच्या मर्यादा उघड आहेत. ही असामान्य माणसे होती, त्यांनी पुढे बऱ्याच वर्षांनी लिहिले, आणि प्रौढ वयातील सिद्धान्ताचा प्रकाश बालपणीच्या प्रसंगावर मागे फेकला जाणे स्वाभाविक आहे. ह्या कथनांवरून प्रमाण ठरविता येणार नाही. संशयाची जातकुळी मात्र ओळखता येते.

५. आचार आणि मत

पाश्चात्त्य प्रश्नावल्या आपल्याकडे जशाच्या तशा वापरण्यात एक अडचण आहे. ख्रिस्ती समाजात धर्म म्हणजे प्रथम काही सिद्धान्तांचा स्वीकार. कॅथलिक कुटुंबात, उदाहरणार्थ गोव्यात वा वसईत, बालपणी झालेल्या बाप्तिस्म्याची प्रतिज्ञा कळत्या वयात स्वतःच्या तोंडाने पक्की करावयाची असते. तेथे संशय ‘हे खरे आहे काय?’ ह्या रूपाने येणे साहजिक आहे. बहुसंख्य मराठी हिंदू घरांत धर्म प्रथम आचाराच्या रूपाने भेटतो : सोवळेओवळे, उपासतापास, कुलाचार, मुंज, सत्यनारायण. ईश्वर मानतोस की नाही, असे कोणी विचारीत नाही. पाया पडलास की नाही, असे विचारतात. त्यामुळे संशयही आचाराच्या दारानेच आत येतो. ‘पाळीच्या दिवसांत मी देवघरात का जायचे नाही?’ असे मुलगी विचारते. ‘कामाला येणाऱ्या मावशींचा कप निराळा का?’ असे मुलगा विचारतो.

ह्याचे दोन परिणाम होतात. एक म्हणजे, आचाराविषयीचा प्रश्न कानाला आज्ञाभंगासारखा लागतो. मताविषयी वाद घालता येतो; आचार मोडला जातो किंवा पाळला जातो. म्हणून ‘उलट बोलू नकोस’ हे उत्तर प्रश्नाला दिलेले नसून आवाजाला दिलेले असते. दुसरे म्हणजे, आचार पाळूनही मनात काहीही मानण्याची मोकळीक आपल्या समाजव्यवस्थेने दिलेली असल्यामुळे संशय निकालात न निघताच वर्षानुवर्षे राहू शकतो. ह्या मोकळिकीची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. मुलाला एखादी पूजा चुकविता येते. मुलीवरील बंधन तिच्या देहाशी आणि दलित मुलावरील बंधन त्याच्या जन्माशी जोडलेले असल्यामुळे त्यांना ते बाजूला सारता येत नाही. रमाबाई आणि आंबेडकर ह्यांचा संशय न्यायाच्या प्रश्नावर का केंद्रित झाला, ह्याचा उलगडा येथे होतो.

६. उत्तराची रीत

पाच उदाहरणांतील उत्तर देणारांकडे आता पाहू. दयानंदांच्या वडिलांनी शास्त्र सांगितले आणि नंतर रागावले. गांधींच्या बंधूंनी प्रश्न पुढे ढकलला. रमाबाईंना उत्तर देणारे वडीलच उरले नव्हते. रामजी सकपाळांनी स्वतःचे कारण सांगितले, मुलाचा आक्षेप ऐकून घेतला आणि जेथे उत्तर नव्हते तेथे ते गप्प राहिले. ह्यांपैकी कोणत्याही उत्तराने मुलाचा अंतिम निर्णय ठरला, असे म्हणता येणार नाही. रामजींचा मुलगाही वडिलांच्या मार्गाने गेला नाही. फरक अन्यत्र आहे. ‘हे शास्त्रात आहे’ आणि ‘मी हे ह्या कारणाने करतो’ ह्या दोन उत्तरांत दुसऱ्या उत्तरात बोलणारा माणूस स्वतः उपस्थित असतो. पहिल्या उत्तरानंतर मुलाला शास्त्राशी भांडावे लागते. दुसऱ्यानंतर वडिलांशी बोलणे चालू ठेवता येते.

नैयायिकांनी कथेचे, म्हणजे चर्चेचे, तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी केलेली चर्चा तो वाद. जिंकण्यासाठी केलेली तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ समोरच्याचे खंडन करणे ती वितंडा. पंधरा वर्षांच्या मुलाचे बोलणे पुष्कळदा वितंडेच्या रूपात असते, कारण मांडण्यासारखा पक्ष अद्याप त्याच्यापाशी तयार नसतो. ऐकणाऱ्याला वितंडा तेवढी ऐकू येते, तिच्यामागचा संशय ऐकू येत नाही. आणि मग दोघेही जल्पाला उतरतात. वादाला सहवादी लागतो, आणि तो होण्याची जबाबदारी ज्याचे वय अधिक त्याची आहे.

७. शाळा, कायदा आणि संशोधन

घरात हा संवाद झाला नाही तर तो कोठे व्हावा? भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णतः शासकीय निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोठारी आयोगाने (१९६४-६६) हा भेद स्पष्टपणे मांडून दुसऱ्या प्रकारच्या शिक्षणाचा पुरस्कार केला होता. १९७६ मध्ये संविधानात जोडलेल्या अनुच्छेद ५१ क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि चिकित्सक बुद्धी ह्यांचा विकास हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. बालहक्कांविषयीच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय संहितेने, जिला भारताने १९९२ मध्ये मान्यता दिली, अनुच्छेद १४ मध्ये बालकाच्या विचार, सदसद्विवेक आणि धर्म ह्यांविषयीच्या स्वातंत्र्याचा निर्देश केला आहे, आणि पालकांचे मार्गदर्शन मुलाच्या वाढत्या कुवतीशी सुसंगत असावे असे म्हटले आहे. कागदावरील ही तरतूद आणि वर्गातील वस्तुस्थिती ह्यांत अंतर आहे. वर्गात धर्माचा विषय निघाला की शिक्षक तो बहुधा टाळतात. त्यांच्या भीतीलाही कारणे आहेत. घरी आज्ञाभंग आणि शाळेत निषिद्ध विषय, अशा कात्रीत सापडलेला मुलगा प्रश्न घेऊन भ्रमणध्वनीकडे वळतो. तेथे उत्तरे विपुल मिळतात. परंतु त्यांतील पुष्कळशी जल्पाच्या जातीची असतात, आणि त्याला ओळखणारा माणूस त्या उत्तरांमागे नसतो.

ह्या क्षेत्रात संशोधन करू इच्छिणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी चार सूचना कराव्याशा वाटतात. आचार आणि मत ह्यांविषयीचे प्रश्न स्वतंत्र ठेवावेत. एकाच ‘धार्मिकता’ अंकात दोहोंची बेरीज करू नये. मुलाखती पालकांच्या किंवा शिक्षकांच्या समक्ष घेऊ नयेत, संमती मात्र पालक आणि मूल दोघांचीही घ्यावी, आणि नोंदीतून कुटुंब ओळखू येणार नाही अशी दक्षता घ्यावी. येथे हलगर्जीपणा झाल्यास त्याचा भुर्दंड मुलाला, आणि विशेषतः मुलीला, भरावा लागेल. आठवणींवर विसंबून न राहता त्याच मुलांना दोन-तीन वर्षांच्या अंतराने पुन्हा भेटावे. आणि मुलाचे वाक्य त्याच्याच शब्दांत, त्याच्याच बोलीत उतरून घ्यावे. ‘ईश्वराच्या अस्तित्वाविषयी शंका’ असे आपले प्रमाण भाषेतील शीर्षक त्यावर घाईने चिकटवू नये. मुलगी कदाचित एवढेच म्हणालेली असेल की, ‘देवाला माझा विटाळ होत असेल, तर मग त्याने मला असे केलेच कशाला?’

ह्या एका वाक्यात आचाराची चिकित्सा आहे, न्यायाची मागणी आहे, आणि ज्याला ती विचारते आहे त्याच्यावरचा काहीसा विश्वासही आहे. हे वाक्य नास्तिकाचे की आस्तिकाचे, हे तिचे तिलाही अद्याप ठाऊक नाही. ते ठरण्यापूर्वी ते कोणी तरी नीट ऐकून घेणे आवश्यक आहे. आपल्या विद्याशाखेला ह्या बाबतीत काही करता येण्यासारखे असेल, तर त्याचा आरंभ तेथूनच होतो.